कामोठ्याची हळद

नवी मुंबईला कुणी हवापालटाला जात नाही. तिथे नोकरीला जातात, भावाच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला जातात, नाहीतर आमच्यासारखे दवाखान्याला जातात. तरीही बार्शीला परत आल्यावर शाळेतल्या बायकांनी मला घेरलं आणि काय काय पाहिलं ते सांगा म्हणून मागे लागल्या. मी सांगायला बसले, तर मधली सुट्टी संपली आणि आमची एसटी अजून घाटातच होती. म्हणून लिहूनच काढते.

आधी दुखण्याचं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय आम्ही गेलोच नसतो. गळ्याच्या खाली, छातीच्या मधल्या हाडाला दोन्हीकडची कॉलर बोन येऊन मिळतात, तिथे मला काही वर्षांपासून ठणका लागायचा. सकाळी उठताना जास्त. फळ्यावर लिहून लिहून हात भरून येत असेल, असं आधी वाटलं. मग तिथे टेंगूळ दिसायला लागलं. एका डॉक्टरांनी खांदा आखडलाय म्हणून शेक सांगितला. दुसऱ्यांनी हाडाचा टीबी धरून महिनोन्‌महिने गोळ्या दिल्या. गोळ्यांनी भूक गेली, टेंगूळ मात्र जागेवरून हललं नाही. हात खांद्याच्या वर जाईना. तारीख आणि सुविचार फळ्याच्या वरच्या कडेला लिहायचा असतो, माझ्या वर्गात तो फळ्याच्या मधोमध उतरला. आणि घरी माझा अंबाडा घालायचं काम आमच्या ह्यांच्याकडे गेलं.

हे पोस्टातून निवृत्त झालेले. आयुष्यभर पार्सलं बांधली, त्यामुळे अंबाडाही त्याच हाताने बांधतात. तेल ओतायचं, घट्ट आवळायचं, वर दोन थापट्या मारून बघायचं. दिवसभर तो सुटत नाही, पण डोळे ताणले जाऊन मी सारखी आश्चर्यचकित दिसते. लग्नाआधी ज्यांनी कधी स्वतःचा भांगही नीट पाडला नव्हता, ते रोज सकाळी कंगवा घेऊन उभे राहायचे, तेव्हा मला बरं वाटायचं आणि रडूही यायचं.

शेवटी एका सर्जननी स्पष्ट सांगितलं. गाठ असू शकते. मोठा तुकडा काढून तपासू, आणि वेळ पडली तर कॉलर बोनचं टोकच काढून टाकू. ऑपरेशनची तारीखही दिली. ह्यांनी तेव्हापासून 'गाठ' हा शब्द तोंडातून काढला नाही. ते 'तसलं' म्हणत. "तसलं काही नसेल गं," असं दिवसातून चारदा.

माझ्या बहिणीची मुलगी मनीषा ऐरोलीला कंपनीत नोकरी करते आणि कामोठ्याला भाड्याने राहते. तिने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, टेन्शन नको घेऊ, पण हाड कापायच्या आधी एकदा इकडे ये. बेलापूरला एक डॉक्टर आहेत, सांध्यांच्या आणि हाडांच्या सुजेच्याच आहेत. माझ्या मॅडमना त्यांनीच बरं केलं." ऑपरेशनच्या तारखेआधी थोडे दिवस हातात होते. फेब्रुवारी महिना होता. आम्ही पिशव्या भरल्या.

कामोठे

कळंबोलीला उतरलो तेव्हा उजाडत होतं. कामोठ्याचा नवा भाग म्हणजे सेक्टर, आणि सेक्टर म्हणजे एकासारख्या एक इमारती. पत्ता सांगताना लोक मेडिकलच्या दुकानावरून सांगतात, आणि मेडिकलची दुकानं चौकाचौकात आहेत. आमच्या रिक्षाने तीन दुकानांना प्रदक्षिणा घातली. मनीषा मात्र जुन्या गावठाणात राहते. तिथे गल्ल्या अजून वाकड्या आहेत आणि माणसं खाली ओट्यावर बसलेली असतात. मला लगेच बरं वाटलं.

तिच्या घरमालकीणबाई हिराबाई तळमजल्यावर राहतात. मूळच्या तिथल्याच आगरी. सासऱ्यांची भातशेती होती, तिथे आता इमारती आहेत आणि त्यातली एक हिराबाईंची आहे. साठीच्या पुढच्या, कपाळावर मोठं कुंकू, आवाज असा की दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूला फोन करावा लागत नाही. आम्ही जिना चढायच्या आत त्यांनी अडवलं.

"मनीषाची मावशी ना तू? आधी च्या पी. वर कोन हाय तुझं, पोरगी तं कामाला जाईल."

त्यांच्या नातीचं लग्न तोंडावर आलं होतं. ओट्यावर तांदळाचे ढीग, मांडवाचे बांबू, आणि सगळ्या कामावर हिराबाईंची नजर. मी बरोबर आणलेली शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकऱ्या त्यांना दिल्या. त्यांनी भाकरी हातात घेऊन मोडली, तिचा कटकन आवाज झाला, तशा त्या हसल्या. "ही खायाची का छपराला लावाची?" असं म्हणून चहात बुडवून अख्खी खाल्ली. दुपारी त्यांच्याकडून तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण आलं. ती भाकरी रुमालासारखी घडी होते. आमच्या ह्यांना ज्वारीशिवाय घास उतरत नाही असं मी लग्नापासून ऐकत आले, त्या माणसाने चार भाकऱ्या खाल्ल्या आणि पाचवीकडे बघत राहिले.

बेलापूर

बेलापूर म्हणजे सगळी कचेऱ्यांची वस्ती. काळे कोट घातलेले वकील, फायली काखेत मारलेले कारकून, आणि त्यांच्यासाठी कोपऱ्याकोपऱ्यावर वडापाव. दवाखाना एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. चपला बाहेर काढायच्या, अशी पाटी. मी चपला काढल्या, मोजे पायातच ठेवले.

मोज्यांचं सांगते. मी बारा महिने मोजे घालते. अंगठा वेगळा असलेले, चपलेत घालता येतात ते. कारण माझ्या तळपायांना उष्णता आहे. बारीक पिवळसर फोड येतात, वाळतात, सालपटं निघतात, पुन्हा येतात. आमच्याकडे ह्याला उष्णता म्हणतात आणि ती डॉक्टरला दाखवत नाहीत. गुलकंद खातात, सब्जा पितात, पायाला खोबरेल चोळतात, आणि चारचौघींत पाय दिसू नयेत म्हणून मोजे घालतात. माझ्या आईने हेच केलं असतं, आजीनेही हेच केलं असतं.

डॉक्टर चाळिशीच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी माझ्या सगळ्या जुन्या फिल्म काचेला लावून बघितल्या आणि मग खूप प्रश्न विचारले. पाठ दुखते का, सकाळी आखडते का, पोटाचा त्रास, डोळे लाल होतात का. मिश्री लावता का, असं विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं आणि ह्यांनी खिशातली तंबाखूची पुडी आणखी खोल ढकलली.

"त्वचेचा काही आजार? सोरायसिस, पुरळ, काही?"

"छे, काही नाही," मी म्हणाले. खोटं बोलत नव्हते. आजार नव्हताच माझ्या लेखी.

"मोजे का घातलेत?"

"एसीचा गारवा लागतो."

त्यांनी मान हलवली. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. "मला ही गाठ वाटत नाहीये, पण नुसत्या वाटण्यावर मी तुमचं ऑपरेशन रद्द करू शकत नाही," त्या म्हणाल्या. "धागा सापडत नाहीये. रिपोर्ट घेऊन या, मग बोलू." बाहेर पडल्यावर हे म्हणाले, "बघ, तसलं वाटत नाही म्हणाल्या." मी म्हटलं, "रद्द करू शकत नाही असंही म्हणाल्या." ते माझा हात धरून मेट्रोच्या जिन्याकडे घेऊन गेले. कुठे जायचं होतं असं नाही. शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन त्याच गाडीने परत आलो. डबा जवळजवळ रिकामा होता आणि बाहेर तळोज्याकडचे डोंगर दिसत होते. ते खिडकीतून एकेक स्टेशनाचं नाव मोठ्याने वाचत होते, मी ऐकत होते.

ऐरोलीची खाडी

रिपोर्ट यायला वेळ होता म्हणून मनीषाने सुट्टीच्या दिवशी ऐरोलीला नेलं. तिच्या कंपनीच्या काचेच्या इमारती बाहेरूनच दाखवल्या. मग खाडीवर होडीत बसवलं. पाणी उतरलेलं, दोन्हीकडे चिखल, आणि चिखलात लांबवर गुलाबी रेघ. जवळ गेलो तर ते रोहित पक्षी. आमच्याकडे उजनीच्या पाण्यावर मी ते पाहिले होते, पण इथे पक्ष्यांच्या मागे उंच इमारती आणि विजेच्या तारा, आणि त्यांना त्याचं काही नाही. माना खाली घालून खात होते.

सगळे हात उंच करून फोटो काढत होते. मी फोन पोटाशी धरून काढले, त्यात नुसता चिखल आला. मनीषाच्या लक्षात आलं. तिने माझा फोन घेतला आणि काही न बोलता चांगले फोटो काढून दिले. परतताना ती रिक्षात म्हणाली, "मावशी, तुला भीती वाटते ना?" मी हो म्हटलं. ह्यांना ऐकू आलं असणार, कारण ते उगाचच रिक्षावाल्याशी खाडीच्या माशांबद्दल बोलायला लागले.

हळद

ज्या सकाळी बेलापूरला रिपोर्ट दाखवायचे होते, त्याच्या आदल्या दिवशी खाली हिराबाईंकडे हळद होती. त्यांच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठा सोहळा. सकाळपासून गल्लीत मांडव, मोठमोठे स्पीकर, मटणाची पातेली. बायकांचा विधी मात्र दुपारी घरातच असतो. धवलारीण म्हणून एक म्हातारी बाई येते, ती गाणी म्हणत सगळा विधी सांगत जाते आणि घरातल्या मोठ्या माणसांनाही तिचं ऐकावं लागतं.

पाच सवाष्णी नवरीला हळद लावतात. त्यातल्या एकीच्या घरी सुतक आलं. हिराबाई जिन्याखाली उभ्या राहून ओरडल्या, "मनीषाची मावशी, खाली ये."

मी हात वर जात नाही, मला जमणार नाही, असं म्हटलं. "हात नाय, तुझा पाय पायजे आधी," त्या म्हणाल्या. त्यांच्या घरची रीत अशी, की नवरीला हळद लावणाऱ्या सवाष्णींचे पाय आधी घरच्या थोरल्या बाईने धुवायचे आणि त्यांना हळद लावायची. मग त्यांनी नवरीला. चार बायका ओळीने पाटावर बसल्या होत्या, पाचवा पाट माझा. समोर परात, पाण्याचा तांब्या, आणि जमिनीवर बसलेल्या हिराबाई.

"मोजं काड, बाय."

"वरूनच लावा. चालेल."

"मोज्याला हलद लावू का? मोजा सवाशीन हाय?"

बायका हसल्या. धवलारीण गायची थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी हळूच हिराबाईंना म्हटलं की माझे पाय चांगले नाहीत, बघवणार नाहीत. त्यांनी आवाज खाली आणला, तो तेवढा खाली येतो हे मला तेव्हाच कळलं. "कोन बगतंय? आमी सगल्या बायकाच हाव इथं. लग्नघरात पाटावर बसली ती लक्षुमी. तिचं पाय मी बगनार न्हाय, धुनार."

आणि त्यांनी स्वतःच मोजे उतरवले. तळवे सोललेले होते, नवे फोडही होते. त्यांनी तांब्या उचलला. मग पाणी घातलं, पदराने टिपलं, आणि इतक्या हलक्या हाताने हळद लावली की मला ती लागली नाही, थंडावा तेवढा कळला. कितीतरी वर्षांत माझ्या पायाला माझ्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. ह्यांनाही मी लावू दिला नव्हता. मी तिथेच रडले. लग्नघरात रडलेलं खपून जातं, ते एक बरं असतं.

मग मी नवरीला हळद लावली. पाय, गुडघे, खांदे, इथपर्यंत हात पोचला. डोक्यापर्यंत जाईना. ती पोरगी, सोनल तिचं नाव, तिने माझ्या हाताकडे बघितलं आणि मान खाली घातली, पार माझ्या मांडीपर्यंत. मी तिच्या केसांना हळद लावली.

पुन्हा बेलापूर

सकाळी मोजे सापडेनात. काल घातलेले आणि दोरीवर वाळत घातलेले, दोन्ही जोड हिराबाईंनी मांडवाच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकले होते. बाहेर आले ते पिवळे आणि ओले. नंबर लवकरचा होता. माझ्या चपलेपेक्षा पाय जरा झाकेल म्हणून मनीषाची सँडल घातली आणि निघाले. दवाखान्याच्या दाराशी ती काढली आणि अनवाणी, पिवळ्याधमक पायांनी आत गेले. खुर्चीवर बसून पाय खुर्चीखाली घ्यायचा प्रयत्न केला.

डॉक्टर रिपोर्ट वाचत होत्या. रक्तात सूज दिसत होती, जंतूचं काही नव्हतं. "लग्न कुणाचं होतं?" त्यांनी वर न बघता विचारलं आणि हसल्या. मग हसणं थांबलं. त्या उठून टेबलाच्या ह्या बाजूला आल्या आणि खाली वाकल्या.

"हळदीखाली काय आहे?"

"उष्णता," मी म्हटलं.

त्यांनी ओल्या कापसाने हळूहळू हळद पुसली. तळवा उजेडाकडे वळवून बराच वेळ पाहिला. "हे केव्हापासून?"

"झाली की वर्षं."

"खांद्याच्या आधी की नंतर?"

मी आठवून पाहिलं. फळ्यावरचा सुविचार खाली आला त्याच्या थोडंच आधी मी पहिले मोजे घेतले होते. तसं सांगितलं. त्या तिथेच स्टुलावर बसल्या.

"ही उष्णता आहे असं कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? सगळ्यांनाच असते."

"सगळ्यांना नसते हो," त्या म्हणाल्या. "आणि चूक माझी. पहिल्याच दिवशी मोजे काढायला सांगायला हवे होते."

मग त्यांनी समजावलं. एक आजार आहे, फार क्वचित होणारा. हाडाला आतून सूज येते, पण तिथे ना जंतू असतो ना गाठ. शरीराची राखण करणारी यंत्रणाच चुकून आपल्या हाडावर उठते. मुलांमध्ये हा आजार असतो हे तरी डॉक्टरांच्या लक्षात येतं. मोठ्यांमध्ये तो नेमका ह्या गळ्याखालच्या सांध्यात बसतो आणि वर्षानुवर्षं टीबी किंवा कॅन्सर म्हणून फिरत राहतो. आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या तळहातांना किंवा तळपायांना असे फोड असतात. एकाच दुखण्याची दोन टोकं. हाडाचा डॉक्टर पाय बघत नाही, कातडीचा डॉक्टर खांदा विचारत नाही. "आणि पेशंट मोजे घालतो," त्या म्हणाल्या. "पण अजून नक्की म्हणत नाही. एक स्कॅन करू."

बैल

स्कॅनला शिरेतून औषध देतात, ते हाडांत पोचेपर्यंत बसवून ठेवतात, भरपूर पाणी प्यायला लावतात. सगळा सांगाडा काळा-पांढरा दिसतो आणि जिथे सूज तिथे काळं गडद. संध्याकाळी डॉक्टरांनी फिल्म काचेवर लावली. छातीच्या मधोमध एक गडद चेहरा आणि दोन्हीकडे वर गेलेली दोन गडद शिंगं.

"काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

"खिलार," हे लगेच म्हणाले. "चांगला जातिवंत आहे."

डॉक्टर मनापासून हसल्या. म्हणाल्या, जगभरचे डॉक्टर ह्या चित्राला बैलाचं डोकंच म्हणतात. हे चित्र आणि हे पाय, दोन्ही एकत्र दिसल्यावर हाडाचा तुकडा काढायची गरज उरत नाही.

ह्यांनी फिल्मच्या जवळ जाऊन पुन्हा पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे... कॅन्सर नाही?" इतक्या महिन्यांत तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

"नाही. कॅन्सर नाही, टीबी नाही. ऑपरेशनही नाही. मी तुमच्या सर्जनशी बोलते." त्या माझ्याकडे वळल्या. "पण मुळासकट जाईल असं वचन देणार नाही. आटोक्यात राहील. मधूनमधून डोकं वर काढेल, तेव्हा पुन्हा बघू. वाढलेलं हाड तसंच राहील. ठणका मात्र उतरायला हवा, आणि हातही."

सुजेच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि हाडासाठी सलाईनमधून द्यायचं औषध ठरलं. त्याआधी दात तपासून घ्यायचे, कारण त्या औषधानंतर दात काढायची वेळ येऊ नये. हाडाच्या दुखण्यासाठी पायावरून सुरुवात करून दाताच्या डॉक्टरकडे पोचलो, ह्यावर हे दिवसभर खूश होते. सलाईन झाल्यावर रात्री ताप आला, अंग मोडून आलं. तसं होईल हे सांगितलेलं होतं. हिराबाई पेज घेऊन वर आल्या. मी त्यांना सांगितलं की तुम्ही मोजे काढले म्हणून माझं ऑपरेशन टळलं. त्या म्हणाल्या, "मना काय डाक्तरीन समजलीस? रीत हाय ती. पेज पी."

निघताना

औषधाचे पुढचे डोस घ्यायला आम्ही मधून मधून कामोठ्याला जात राहिलो. ठणका एकदम नाही गेला. आधी सकाळचा गेला, मग उठता-बसतानाचा. पायही सुधारले, पूर्ण नाही. कातडीच्या डॉक्टरांचं मलम आता मी लावते, आणि मोजे घालत नाही.

शेवटच्या फेरीला सोनल माहेरी आली होती. निघताना हिराबाईंनी माझी ओटी भरली आणि हातात अबोलीचा गजरा ठेवला. हे नेहमीप्रमाणे पुढे आले, गजरा माळायला. पण माझे हात आधीच वर गेले होते. विचार न करता गेले. खांद्याच्या वर, कानांच्या वर, मागे अंबाड्यापर्यंत. मी गजरा खोचला आणि मग लक्षात आलं. सोनलने तोंडावर हात धरला. हिराबाई म्हणाल्या, "बग, गेला की हात," आणि पदराने डोळे पुसले.

हे तिथेच उभे होते, पुढे केलेले हात तसेच. मग त्यांनी ते मागे घेतले आणि पिशव्या उचलल्या. गाडीत म्हणाले, "बरं झालं. सुटलो मी." आणि बार्शी येईपर्यंत फारसं बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळा होती. फळ्याच्या वरच्या कडेला सुविचार लिहायचा होता, तो मी टाचा न उंचावता लिहिलाही. पण ते नंतर. सकाळी अंघोळ करून आले, तर हे दाराशी खुर्चीत पेपर धरून बसले होते आणि कंगवा त्यांच्या बाजूला नेहमीच्या जागी होता. मी केस सोडले आणि त्यांच्यासमोर जमिनीवर पाठ करून बसले. मागून पेपरची घडी केल्याचा आवाज आला.

"तेल जरा बेताने," मी म्हटलं.